बाउमगार्टनर्स बॉम्बे
अनिता देसाई (१९३७– ) यांची इंग्रजी कादंबरी (१९८८). नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे पडसाद मुंबईत स्थायिक झालेल्या एका निर्वासिताच्या आयुष्यात कसे उमटत राहतात, हा तिचा विषय आहे.

हा विषय सामान्य वाचकापर्यंत पोहोचविण्यात हेरकथांचा वाटा मोठा आहे. फ्रेडरिक फोर्साइथच्या ‘द ओडेसा फाइल’ (१९७२) या कादंबरीत पीटर मिलर हा जर्मन वार्ताहर एका मृत ज्यूची रोजनिशी वाचून एडुआर्ट रोशमान या नाझी अधिकाऱ्याचा माग काढतो. रोशमान ही ऐतिहासिक व्यक्ती असून ती १९७७ मध्ये पॅराग्वायमध्ये मरण पावली. मिलरला आपल्या पित्याच्या हत्येचा सूड घ्यावयाचा आहे, हे अखेरीस उघड होते आणि रोजनिशीतील सामूहिक दुःख मागे पडते.

देसाईंची कादंबरी हा साचाच उलटविते. बर्लिनमधील फर्निचर-व्यापाऱ्याचा मुलगा ह्यूगो बाउमगार्टनर पित्याच्या आत्महत्येनंतर, आईला मागे ठेवून भारतात येतो. युद्धकाळात ब्रिटिश सरकार त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नाझी जर्मनांबरोबरच सहा वर्षे स्थानबद्ध करते. या प्रसंगाला ऐतिहासिक आधार आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नासिकजवळील देवळाली व डेहराडून येथे जर्मन नागरिकांच्या छावण्या होत्या. छाननीनंतर अनेक ज्यू निर्वासितांची सुटका झाली, हे लक्षात घेता नायकाचा दीर्घ बंदिवास अपवादात्मक वाटतो. परंतु त्यातील उपरोध त्यामुळे उणा होत नाही. जर्मनीत ज्यू म्हणून नाकारलेला माणूस भारतात जर्मन म्हणून संशयित ठरतो. आईची त्रोटक पोस्टकार्डे येण्याचे थांबते; त्यांपलीकडे तिच्या अंताचा वृत्तांत लेखिका देत नाही.

उत्तरायुष्यात मुंबईत मांजरे पाळून राहणारा बाउमगार्टनर कुर्ट या व्यसनाधीन जर्मन तरुणाला आसरा देतो व त्याच्याच हातून मारला जातो. ही हत्या आरंभीच सूचित केल्याने खुनी कोण, हे कुतूहल गौण ठरते. मात्र मारेकरी जर्मनच असावा, हा योगायोग काहीसा योजलेला वाटतो. मराठीभाषक मुंबईचे जीवनही कादंबरीत फारसे येत नाही. नायक परका, म्हणून त्याची दृष्टी मर्यादित, हे समर्थन अंशतःच पटते.

तथापि हेरकथेत अपराधी सापडला की वाचक निश्चिंत होतो. येथे तसा दिलासा नाही. संहार घडला तो युरोपात. पण त्यातून वाचलेल्याची वाताहत आपल्याच शहरात, शेजाऱ्यांच्या नकळत चालू होती, ही जाणीव भारतीय वाचकाला करून देणे, हे या कादंबरीचे महत्त्व होय.