विद्यापीठाचे अभिलेखागार आणि महाविद्यालयीन दप्तर

विद्यापीठांचे इतिहास बहुधा स्मरणिका व गौरवग्रंथ यांच्या आधारे लिहिले जातात. त्यांत यशाची नोंद असते. निर्णयांची कारणे नसतात. ती सभावृत्ते, संलग्नतेचा पत्रव्यवहार आणि प्रवेश-नोंदवह्या यांतच शोधावी लागतात. १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे त्याचे प्रारंभीचे दप्तर हे विद्यापीठाच्या जडणघडणीचेही साधन ठरते. वऱ्हाडातील त्यापूर्वीच्या उच्च शिक्षणाच्या अभ्यासासाठी १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या दप्तराकडेच वळावे लागते. जुने कागद रद्दीत जाण्यापूर्वी प्राध्यापकांनी त्यांची सूची करणे अगत्याचे आहे. अन्यथा १९८३ पासूनचा इतिहासही केवळ स्मरणिकांपुरताच उरेल.