कावळ्याचें छायाचित्र

आमच्या हौशी छायाचित्रकारांमध्यें एक चमत्कारिक रूढि पडली आहे. चित्राची किंमत चित्रकाराच्या दृष्टीवरून न ठरतां पक्ष्याच्या दुर्मिळपणावरून ठरते. ठाण्याच्या खाडीवर २०१५ सालीं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालें आणि २०२२ सालीं त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील रोहितपक्ष्यांचीं चित्रें सुंदर असतात, याबद्दल वाद नाहीं. परंतु मोठालीं भिंगें खांद्यास लावून कोपरीहून खाडीकडे निघालेला रसिक डोक्यावरील विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याकडे ढुंकूनहि पाहात नाहीं. ही उपेक्षा कलेच्या दृष्टीनें योग्य आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कावळा मुळांतच कुरूप, असें कोणी म्हणतील. शास्त्रज्ञांस तसें वाटलें नसावें. त्यांनीं या गांवकावळ्यास 'कॉर्व्हस स्प्लेंडेन्स', म्हणजे झळाळणारा कावळा, असें नांव दिलें आहे. त्याच्या मानेवरील राखी रंगाची काळ्यांत होणारी मिळवणी आणि पंखांवरील निळी-जांभळी झांक एकदां लक्षपूर्वक पाहावी. ही झांक पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून उत्पन्न होते. म्हणून ती उन्हाच्या कोनाप्रमाणें दिसते व मावळते. भर दुपारीं आकाशाच्या मानानें प्रकाश घेतला तर कावळा शाईचा डाग होतो; पिसांच्या मानानें घेतला तर आकाश पांढरें फटक पडतें. सकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहण्याचा धीर ज्याला आहे, त्यालाच हा पक्षी वश होतो. दुर्मिळ पक्ष्याच्या चित्रांतील उणीव नवलाईखालीं झांकून जाते. कावळ्याच्या चित्रांत ती सवलत नाहीं.

हें सौंदर्य कै. आर. के. लक्ष्मण यांनीं ओळखलें होतें. व्यंगचित्रकार म्हणून कीर्ति मिळविलेल्या या कलावंतानें कावळ्याचीं पुष्कळ चित्रें मोठ्या आवडीनें काढलीं. पण त्याला कधीं मोर केलें नाहीं. काळ्या रंगाचा जोर आणि स्वभावांतील चलाखी एवढ्या भांडवलावर त्यांचा कावळा उभा आहे.

उलट, सामान्य पक्ष्यांकडे वळलेले कांहीं छायाचित्रकार तार, पत्रा, गटार हें सर्व पार्श्वभूमींत पुसट करून टाकतात. त्यामुळें चित्र गोंडस होतें, पण पक्षी बेघर होतो. कोपरीचा कावळा कोपरीच्या पत्र्यावरच शोभतो.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. चिमणी आपल्या वळचणींत होती तोंवर तिचें चित्र कितीजणांनीं काढलें? अनेक शहरांतून ती विरळ झाली, तेव्हां नाशिकचे महंमद दिलावर यांच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जाऊं लागला. ज्याकडे आपण कधीं पाहिलें नाहीं, तें गेल्याचें आपणांस उशिरां कळतें. पितृपक्षांत पान वाढून आपण कावळ्याची वाट पाहतों. उरलेल्या दिवसांत क्षणभर मान वर करून त्याच्याकडे पाहावें, एवढी दाद आपल्या या शेजाऱ्यास द्यावयास हरकत नसावी.