व्युत्पत्तीची मधली पायरी

शब्दांचें कूळ शोधण्याचा छंद मराठी सुशिक्षितांना फार. परंतु कूळ सांगतांना आईचें नांव गाळून थेट आजीचें घेण्याची खोडही तितकीच जुनी. तिचें परीक्षण एका परक्या क्रियापदाच्या आधारें करावें, असा आमचा मानस आहे.

इंग्रजी 'स्टँड' म्हणजे उभें राहणें. भूतकाळीं त्याचें 'स्टुड' होतें व अनुनासिक नाहींसा होतो. गॉथिक भाषेंतही वर्तमानकाळीं 'स्तान्दन', भूतकाळीं 'स्तोथ'. यावरून पंडितांनीं ठरविलें कीं, अनुनासिक हा धातूचा अंश नसून वर्तमानकाळाचें चिन्ह होय. मूळ धातु 'स्ता', म्हणजे आपला 'स्था'. एरव्हीं जुन्या 'त'चा जर्मानिक शाखेंत 'थ' होतो: संस्कृत 'त्रि', इंग्रजी 'थ्री'. पण 'स'पुढील 'त' तसाच राहतो, म्हणून 'स्टँड'मध्यें तो टिकला. या क्रियापदाचें आद्य जर्मानिक रूप कोठेंही लिहिलेलें नाहीं. तें अनुमानानें सिद्ध केलेलें, म्हणूनच तारांकित. तरी तें नियमाला उतरतें. उलट लॅटिन 'हाबेरे' व इंग्रजी 'हॅव्ह' हीं अर्थानें व रूपानें जुळीं भासतात. परंतु जुन्या 'क'चा जर्मानिकांत 'ह' होत असल्यामुळें 'हॅव्ह'चें खरें नातें 'पकडणें' या अर्थाच्या लॅटिन 'कापेरे'शीं ठरतें. साम्य फसवितें, नियम फसवीत नाहीं.

आतां घराकडे वळूं. बिडकीनवरून दक्षिणेस जाणारा रस्ता ज्या पैठणास पोंचतो, त्याच्या नांवांतच हा 'स्था' आहे: प्रतिष्ठान, पइट्ठाण, पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांतही 'पैठाना' असेंच नांव आहे. म्हणजे सातवाहनकाळींच लोकांच्या तोंडीं प्राकृत रूप रुळलें होतें. 'उठणें'च्या मागें 'उट्ठइ' आहे, 'ठेवणें'च्या मागें 'ठवेइ', व त्यांच्याही मागें संस्कृत. जर्मानिक अभ्यासकांना जी पायरी कल्पावी लागली, ती आपणांस प्राकृत शिलालेखांत व गाथासप्तशतींत लिहिलेली मिळते.

हें धन हातीं असतां आमच्या व्युत्पत्तिकारांनीं काय केलें? राजवाड्यांच्या पश्चात् १९३७ मध्यें प्रसिद्ध झालेला त्यांचा धातुकोश अफाट व्यासंगाचें फळ आहे. परंतु त्यांत पुष्कळ ठिकाणीं मराठी रूपावरून थेट संस्कृत धातूवर उडी आहे. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मात्र प्राकृताची पायरी चुकविली नाहीं व भगिनीभाषांची साक्षही घेतली. त्याचा ग्रंथ परांजप्यांनीं १९४१ मध्यें मराठींत आणला. तरी ती शिस्त आमच्या अंगीं पुरती मुरली नाहीं.

ऑक्टोबर २०२४ मध्यें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मागणीचा एक मोठा आधार महाराष्ट्री प्राकृत हाच होता. ज्या आईच्या नांवावर मान मिळविला, तिलाच वंशावळींतून वगळणें शोभत नाहीं. प्रत्येक शब्दापुढें प्रथम प्राकृत रूप देणारा, आणि जेथें तें केवळ अनुमित आहे तेथें प्रामाणिकपणें तारा लावणारा कोश, हें या पिढीवरचें ऋण आहे.