बंडखोराच्या कथेतली मुलगी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एकदा वर्गात रॉबिन हूडची गोष्ट सांगून झाली, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "इसमें लड़की क्या करती?" आम्ही गप्प झालो. पंजाबच्या दुल्ला भट्टीच्या कथेतही सुंदरी-मुंदरी वाचवल्या जातात, त्यांना स्वतःला काही करायचे नसते.

नॅन्सी स्प्रिंगर या अमेरिकन लेखिकेने २००१ साली 'रोवन हूड' या किशोर कादंबरीत या प्रश्नाला उत्तर दिले आहे. आई मारली गेल्यावर तेरा वर्षांची रोझमेरी केस कापते, मुलाचा वेश घेते आणि बाप रॉबिनला शोधत शेरवूडच्या रानात शिरते. बाप भेटल्यावरही ती त्याच्या सावलीत विरून जात नाही, स्वतःचे सोबती जमवते. हे आम्हांला फार आवडले. तक्रार एकच. तिच्या अंगात आईकडून वनपऱ्यांचे रक्त आलेले आहे. मग साध्या आईच्या साध्या मुलीने धीट व्हायचेच नाही काय?

आता आपल्याकडे पाहू. आमच्या शिरवळहून महामार्गाने दक्षिणेकडे गेले की वाळवा तालुक्यात वाटेगाव लागते. अण्णा भाऊ साठे यांचे हे जन्मगाव आणि त्यांच्या 'फकिरा'चीही (१९५९) हीच भूमी. दुष्काळात उपाशी माणसांसाठी लुटणारा फकिरा हा आमचा रॉबिनच. अण्णा भाऊंना स्त्री मध्यभागी ठेवता येत नव्हती असे नाही, 'वैजयंता' त्यांचीच. पण बंडाची कथा आली की तलवार पुरुषाच्याच हाती राहिली.

तरी 'फकिरा'त एक जागा मोकळी आहे. सरकार त्याच्या माणसांना डांबते आणि त्यांच्यासाठी तो स्वतः हजर होतो. त्या डांबलेल्यांत एखादी बारा वर्षांची पोर असेलच. भुकेली, पण सगळे पाहणारी. तिच्या तोंडून ही कथा सांगितली, तर तिला ना मुलाचा वेश लागेल, ना परीचे रक्त. बंडाची किंमत घरातल्या बायकापोरांनी कशी मोजली, हेही मग कळेल.

अशी कादंबरी कोणीतरी लिहावी. मागच्या बाकावरच्या त्या मुलीची शाळा सातवीनंतर चालू राहील की नाही, हे तिच्या घरात अजून ठरलेले नाही. तिच्या प्रश्नाला आमचे उत्तर अद्याप बाकी आहे.