अफवा, भीति आणि प्रयोगशाळा

लिऑन फेस्टिंगर यांचें ‘अ थिअरी ऑफ कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ हें १९५७ सालचें पुस्तक सामाजिक मानसशास्त्राच्या अभ्यासकांत प्रमाणग्रंथ म्हणून मान्यता पावलें आहे. ज्यांस या शास्त्राचा नव्यानें परिचय करून घ्यावयाचा आहे, त्यांनीं तें अवश्य वाचावें. त्यांतील सिद्धांत निर्विवाद आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मनुष्यस्वभावाविषयींचें अनुमान कसें उभें राहतें व कोठें डळमळतें, तें त्यावरून चांगलें कळतें.

सिद्धांताचें बीज मात्र आपल्याकडील आहे. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या कंड्या पाटण्याचे जमुना प्रसाद यांनीं चिकाटीनें जमविल्या व १९३५ सालीं त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. धक्का जाणवला पण नासधूस झाली नाहीं, अशा भागांतील लोकांत ह्या कंड्या पिकल्या होत्या. आणि त्या धीर देणाऱ्या मुळींच नव्हत्या. पाटण्यावर वादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशीं पुन्हा भूकंप होणार, प्रलय होणार! भ्यालेला मनुष्य आणखी भय कां मागेल? फेस्टिंगर यांचें उत्तर मार्मिक आहे. मनांत भीति तर भरलेली, आणि डोळ्यांपुढें भिण्यासारखें कांहींच नाहीं. ह्या दोहोंचा मेळ बसावा म्हणून मन भीतीला साजेसें कारण शोधून काढतें. अशा विसंगतीची टोंचणी आणि ती शमविण्याची मनाची धडपड, एवढ्यावरच सारा ग्रंथ उभा आहे.

पुष्टीसाठीं त्यांनीं दुर्गानंद सिन्हा यांचें दार्जिलिंगचें निरीक्षण घेतलें आहे. तेथें १९५० सालीं दरडी कोसळल्या; नाश लोकांच्या डोळ्यांसमोर होता, आणि येऊं घातलेल्या महासंकटांच्या अफवा तेथें आढळल्या नाहींत. तुलना मोठी सोयीची आहे. आमच्या मतें जरा अधिकच सोयीची. भूकंप आणि दरड, बिहारचें मैदान आणि हिमालयाचा उतार, लोकहि निराळे. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर फरक नेमका कशामुळें पडला, हें सांगणार कोण?

प्रयोगशाळेची गरज येथें भासते. १९५९ सालीं फेस्टिंगर व कार्लस्मिथ यांनीं स्टॅनफर्ड येथील विद्यार्थ्यांकडून तासभर अत्यंत कंटाळवाणें काम करवून घेतलें आणि ‘काम मजेचें आहे’ असें पुढच्या व्यक्तीस सांगावयास लावलें. ह्या असत्याबद्दल कांहींना एक डॉलर, कांहींना वीस. एक डॉलर घेणाऱ्यांनाच तें काम अधिक आवडल्याचें दिसलें! (विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनीं यावर विचार करावा.) बाकी सर्व सारखें ठेवून एकच गोष्ट बदलल्यामुळें येथें कारणावर बोट ठेवतां येतें. पण त्यासाठीं विद्यार्थ्यांस फसवावें लागलें. आणि प्रत्येक गटांत अवघे २० तरुण, तेहि सारे पुरुष. एवढ्यांवरून भेदरलेल्या जिल्ह्याचें मन ओळखावयाचें, हें धाडसच म्हटलें पाहिजे.

पुढें २०२४ सालीं अनेक देशांतील ३९ प्रयोगशाळांनीं मिळून याच जातीचा, स्वमताविरुद्ध निबंध लिहविण्याचा प्रयोग केल्याचें प्रसिद्ध झालें. लिहिणाऱ्यांचें मत कांहींसें बदललें खरें. परंतु लिहिणें स्वेच्छेचें असो वा सक्तीचें, तो बदल सारखाच. सिद्धांताप्रमाणें स्वेच्छेनें लिहिणाऱ्यांत तो अधिक दिसावयास हवा होता. म्हणजे प्रयोगांतून हातीं आलेलें कारणहि समजलें होतें तितकें पक्कें नाहीं.

डॉलरांची गोष्ट वर्गावर्गांतून सांगितली जाते; प्रसादांचें नांव क्वचितच कानीं पडतें. त्यांचा निबंध ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ या त्रैमासिकांत आहे. जिज्ञासूंनीं फेस्टिंगरच्या आधीं तो वाचावा, आणि वाचतांना त्या कंड्यांचें आपल्याला निराळें कांहीं उत्तर सुचतें कीं काय तें पाहावें.