रिकामा संगणक किती फुकट?

दहावीच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना वितरित संगणन म्हणजे काय ते निराळे समजावून द्यावे लागणार नाही. लाखो उत्तरपत्रिका एकाच माणसाने तपासायच्या तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून गठ्ठे पाडून ते गावोगावच्या परीक्षकांना वाटतात. एका गठ्ठ्यातील गुणांचा दुसऱ्या गठ्ठ्याशी संबंध नसतो, म्हणूनच हे जमते. ज्या वैज्ञानिक गणिताचे असे सुटे गठ्ठे पाडता येतात, ते घरोघरच्या संगणकांकडे इंटरनेटवरून पाठवता येते. संगणकाला दुसरे काम नसेल तेव्हा तो गठ्ठा सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. मालकाला मोबदला काही नाही.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी सुरू केलेल्या ‘सेटी अॅट होम’ने ही कल्पना जगभर नेली. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे रेडिओ संदेश शोधणाऱ्या या प्रकल्पाने ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे थांबवले. संदेश काही सापडला नाही. पण त्यातून डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘बॉइंक’ ही आज्ञावली मागे राहिली. ती विनामूल्य आहे, तिची संहिता सर्वांना खुली आहे आणि एकदा बसवली की तिच्यातून निरनिराळ्या संस्थांचे प्रकल्प निवडता येतात. शाळेत ती बसवावी का, असे काही शिक्षकांनी आम्हांला विचारले होते. उत्तर देण्यापूर्वी आपण स्वतः वापरून पाहावी म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही ती धाराशिवच्या घरच्या संगणकावर बसवली.

बसवणे अवघड नाही. बर्कलेच्या मूळ संकेतस्थळावरूनच ती घ्यावी, इतरत्र मिळणाऱ्या प्रतींच्या वाटेला जाऊ नये. विंडोजसाठी ती दोन रूपांत मिळते: एक नुसती, दुसरी ‘व्हर्च्युअल बॉक्स’सहित. दुसरी आकाराने बरीच मोठी असते आणि तिची गरज सर्नच्या ‘एलएचसी अॅट होम’सारख्या काही प्रकल्पांनाच लागते. आपल्याला नुसती पुरे. यापुढे प्रकल्पांची यादी समोर येते आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो. वापरणारे बहुतेक जण नेमके येथेच घाई करतात, असे आमचे मत झाले आहे.

यादीत औषधे आहेत, हवामान आहे, मूळ संख्या आहेत, तारे आहेत. प्रत्येक प्रकल्पाचे वर्णन असे, की वाटावे जगाचे भले आपल्याच संगणकावाचून अडले आहे. आम्ही निवडीला दोन साधे प्रश्न लावले. स्वयंसेवकांच्या संगणकांवाचून निघाला नसता असा एखादा निष्कर्ष या प्रकल्पाने प्रसिद्ध केला आहे का? आणि ते काम आजही घरच्या संगणकाजोगे उरले आहे का?

दुसरा प्रश्न बोचरा आहे. मर्सेन मूळ संख्यांचा शोध १९९६ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे. त्याची आज्ञावली वेगळी. पण २०२४ मध्ये सापडलेली ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या घरच्या टेबलावर सापडलेली नाही. तिच्यामागे निरनिराळ्या देशांतील केंद्रांतून भाड्याने घेतलेले ग्राफिक्स प्रोसेसर होते. ‘रोझेटा अॅट होम’चा उगम ज्यांच्या प्रयोगशाळेत झाला त्या डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले हे खरे, पण त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग प्रथिनांची घडण कृत्रिम बुद्धिमत्तेने वर्तवणाऱ्या दोघांना मिळाला, हेही वर्गात सांगितले पाहिजे. पूर्वी जे गणित लाख संगणक दळत बसत, त्यातील काही आता निराळ्या वाटेने सुटते आहे.

आमच्या जिल्ह्यातील शिक्षकाचे मन आणखी एका प्रकल्पाकडे ओढले गेले असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरइतकाच धाराशिव जिल्हाही हादरला. सास्तूर आणि आसपासच्या गावांत तो दिवस घरोघर माहीत आहे. लॅपटॉप हातातून पडला तर हार्ड डिस्क वाचावी म्हणून त्यात हालचाल टिपणारा संवेदक बसवीत. त्याच संवेदकावर भूकंपाचे धक्के टिपण्याचा ‘क्वेक कॅचर नेटवर्क’ हा प्रकल्प २००८ मध्ये बॉइंकवरच सुरू झाला होता. कल्पना फार सुंदर, पण आजच्या एसएसडीच्या लॅपटॉपना त्या संवेदकाची गरजच राहिली नाही. भूकंपाच्या नावाने आपल्या संगणकावर काहीतरी चालू राहावे, एवढ्याच समाधानासाठी प्रकल्प निवडू नये.

आम्ही ‘आइन्स्टाइन अॅट होम’ निवडला. हा २००५ मध्ये सुरू झाला. लायगो वेधशाळांच्या नोंदींत, वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधणे हा त्याचा मूळ हेतू. ताऱ्यावर अगदी सूक्ष्म उंचवटा असला तरी अशी लहर निघेल, पण ती अतिशय क्षीण असणार. शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळे जवळ येणाऱ्या एसटीच्या हॉर्नचा स्वर बदलतो तशी लहरीची वारंवारताही बदलत राहते. हा बदल आकाशाच्या प्रत्येक दिशेसाठी निराळा. म्हणून प्रत्येक दिशा आणि प्रत्येक वारंवारता धरून वेगळा हिशेब करावा लागतो. गठ्ठे पाडण्यास याहून सोयीचे गणित शोधून सापडणार नाही. आधी बांधलेला नमुना गोंगाटावर ताडून पाहण्याच्या या तऱ्हेच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकात मूलभूत काम केले, आणि लायगोची भारतातील वेधशाळा मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. मुलांना हे सांगताना तारा दूरचा राहत नाही.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवू नये. लायगोला २०१५ मध्ये पहिली गुरुत्वीय लहर मिळाली ती दोन कृष्णविवरांच्या मीलनाची. तिचा या प्रकल्पाशी संबंध नाही. ज्या सतत लहरींसाठी प्रकल्प काढला त्या आजवर सापडलेल्या नाहीत. सापडल्या नाहीत यावरूनही ताऱ्यावरचे उंचवटे किती लहान असले पाहिजेत हे कळते, आणि तसे निष्कर्ष प्रसिद्ध होतात. पुढे रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी याच संगणकांकडे दिल्या गेल्या आणि २०१० मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा एक नवा स्पंदक मिळाला. तो अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका घरच्या आणि जर्मनीतील माइन्त्स येथील एका संगणकावर दिसला. दोन संगणक का? कारण एकच गठ्ठा दोघांकडे जातो आणि उत्तरे जुळली तरच ती स्वीकारतात. आपल्याकडे मॉडरेटर फक्त काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो. येथे दुसरी तपासणी नियमानेच होते.

याच्या शेजारी ठेवलेली गुणांची पद्धत आम्हांला रुचली नाही. केलेल्या गणिताबद्दल ‘क्रेडिट’ मिळतात आणि त्यांच्या जागतिक क्रमवाऱ्या लागतात. शाळेत हे आले की दुसऱ्या दिवशी मुले तारा विसरून गुण मोजू लागतील. गुणांचे आपल्याकडे आधीच काय कमी वेड आहे?

आता फुकटपणाकडे येऊ. ‘रिकामा वेळ’ हा शब्द फसवा आहे. रिकामा संगणक वीज कमी खातो, गणित करणारा जास्त. प्लगमध्ये वॅटमीटर लावून पाहिले तेव्हा, पडदा बंद ठेवून, आमचा संगणक रिकामा असताना सुमारे ५० वॅट आणि गणित करताना ११० वॅट घेत होता. तो एरवीही रोज आठ तास चालू असेल तर महिन्याला १४.४ युनिट जादा. केवळ याच कामासाठी चालू ठेवला तर २६.४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर १४४ किंवा २६४ रुपये. घरी हे चालून जाईल. दहा संगणकांच्या शाळेत हाच आकडा महिना अडीच हजारांपलीकडे जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीजबिल भरताना मुख्याध्यापकांची काय दमछाक होते ते वाचकांना सांगायला नको. त्यांच्या परवानगीवाचून शाळेच्या संगणकावर ही आज्ञावली बसवू नये, आणि परवानगी मागताना हा हिशेब पुढे ठेवावा.

याहून मोठा धडा आम्हांला मे महिन्यात मिळाला. वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी सुरू होते आणि बॉइंक ते ओळखून काम थांबवू शकते. पण आमचा संगणक घराच्या इन्व्हर्टरवर आहे. इन्व्हर्टरच्या पलीकडे वीज आहे की गेली, हे संगणकाला कळायला मार्गच नाही. वळवाच्या पावसात रात्री साडेदहाला वीज गेली आणि आमचा संगणक ताऱ्यांचा हिशेब निवांत करीत राहिला. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ७५ वॅटचे दोन पंखे तिच्यावर १२ तास चालावेत. संगणकाचे ११० वॅट मिळवले की सातही भरत नाहीत. आमच्या जुन्या बॅटरीचे तर चारच भरले. अडीच वाजता पंखे थांबले. सकाळी आई म्हणाली, “तुझ्या त्या ताऱ्यांपायी रात्रभर घामाघूम झाले!” चूक आमचीच. कामाची वेळ ठरवून देण्याची सोय आज्ञावलीत आहे आणि आम्ही ती वापरली नव्हती.

गणिताचे मात्र फारसे नुकसान झाले नाही. आज्ञावली ठरावीक वेळाने आपली प्रगती डिस्कवर नोंदवते आणि वीज आल्यावर तेथून पुढे सुरू करते.

सुट्टी संपवून निघताना आम्ही सर्व ठीक करून ठेवले. काम सकाळी दहा ते पाच; चार गाभ्यांपैकी दोनच वापरायचे, म्हणजे पंखा घोंगावत नाही; कोणी संगणकावर बसले की काम बंद; साठा एका दिवसाचाच, कारण मुदतीत उत्तर गेले नाही तर तोच गठ्ठा दुसऱ्याकडे जातो आणि आपली वीज वाया. एप्रिल-मे दोन महिने पूर्ण सुट्टी. आईला ‘थांबवा’ची कळ कोठे आहे ते दाखवून ठेवले आहे.