अठरा रविवारांचे पुस्तक

फराळाच्या ताटाशेजारी गीतेवरचे पुस्तक कोण मांडतो, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे! हे पुस्तक आमच्या खानदेशात जन्मले आहे, आणि त्याची पूजाच फार होते.

२१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळातले अठरा रविवार धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले, साने गुरुजींनी ते लिहून घेतले. त्याची 'गीता प्रवचने' झाली. समोर जमनालाल बजाजांसारखे धनिक होते, तसे साधे सत्याग्रहीही होते. कोणाचा ओढा भक्तीकडे, कोणाचा कर्माकडे असणारच. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त पूर्वाचार्यांशी उघड झुंज घेतली होती. विनोबा झुंजत नाहीत. चौथ्या अध्यायातला 'विकर्म' हा शब्दच पाहा ना. जुने टीकाकार त्याचा अर्थ निषिद्ध कर्म असा करतात. विनोबा कोणाला न खोडता, बाहेरच्या कर्माला आतून मिळणारी मनाची साथ, असा करतात. शाळामास्तराच्या शब्दकोशाला हे मानवणारे नाही. पण ज्ञानमार्गी आणि कर्ममार्गी या अर्थापाशी एका पंगतीला बसतात खरे.

माझी तक्रार निराळीच आहे. ऐकणाऱ्यांचा आवाज या पुस्तकात नाही. कोणी शंका काढली असेल, कोणी मान हलवली असेल; ते कागदावर उतरले नाही. त्यामुळे मतभेद मिटले, की नुसते गप्प बसले, हे कळत नाही. शब्दाला नवा अर्थ देता येतो. बंद दाराला कोणता देणार?

तो प्रसंग लिहून घेणाऱ्यावरच आला. पंढरीचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण जाहीर केले, स्नेह्यांच्या आग्रहावरून ते लांबणीवर टाकले आणि महिनोन्महिने महाराष्ट्र हिंडले. लोक गुरुजींचे अश्रू आठवतात. मला ही पायपीट मोठी वाटते. १ मे १९४७ ला उपोषण सुरू झाले, ते खुद्द गांधीजींनाही पसंत नव्हते. गुरुजींनी उपोषण सोडले नाही, गांधीजींवरची भक्तीही नाही. अखेर दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने बडवे राजी झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

कादंबरीकार म्हणून मला वाचायचे आहेत ते त्या गावोगावच्या सभांतले उलट प्रश्न, आणि गुरुजींनी त्यांना दिलेली उत्तरे.